उंबऱ्याबाहेरचा गोलंदाज

आमच्या घरी भाऊबीजेचा एक नेम आहे. सकाळी जळगावहून निघायचे, एरंडोल-पारोळ्याच्या वाटेने धुळ्याला पोहोचायचे, ताईकडून ओवाळून घ्यायचे, खापरावरची पुरणपोळी रशीत बुडवून खायची आणि मग सुपारी कातरता कातरता दाजींशी भांडायचे. ओवाळणीत एखाद्या वर्षी हात आखडला गेला तर ताई चालवून घेते. पण भांडण झाले नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखे होते. "तुमची दोघांची प्रकृती बरी आहे ना?" असे ती काळजीने विचारते.

दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणात पाणी किती आले, कालव्याला किती सोडले, मध्ये किती मुरले, याचा हिशेब ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. मी पडलो मराठीचा अध्यापक. जे मोजता येत नाही त्याच्यावर पोट भरणारा. तेव्हा दाजी आकड्यांच्या बाजूने आणि मी आकड्यांच्या विरुद्ध, ही आमची ठरलेली मांडणी. पण २०२५ च्या भाऊबीजेला काहीतरी उलटे झाले. दाजी म्हणू लागले की आकड्यांत काही अर्थ नाही, आणि मी कागदपेन्सिल मागवली.

निमित्त झाले भाच्याचे. वय एकोणीस. डाव्या हाताने फिरकी टाकतो. त्या वर्षी गावातल्या स्पर्धांत त्याने खोऱ्याने विकेट घेतल्या होत्या. असे असूनही वरच्या चाचणीसाठी जी यादी लागली तीत त्याचे नाव नव्हते. पोरगा ताटावर बसला होता, पण पोळी तशीच पडलेली. ताईने तुपाची वाटी पुढे सरकवली तरी त्याचे लक्ष नाही.

"गल्लीतल्या विकेटा गल्लीतच मोजायच्या," दाजींनी निकाल दिला. "तालुक्याच्या जत्रेत नारळाची कुस्ती मारली म्हणून कोणी हिंदकेसरीच्या आखाड्यात उतरत नाही. वरचा खेळ वेगळा, खालचा वेगळा."

"पण खालून वर यायला जिना असतो की नाही?" मी म्हणालो. "खालच्या पायरीवरचं काम ज्यानं चोख केलं त्याला वरच्या पायरीवर एकदा तरी पाय ठेवू द्यायला नको?"

"ठेवू द्यायला नको असं कोण म्हणतं? पण हक्क म्हणून मागता येणार नाही."

हाच तो वाद. प्रश्न वाटतो क्रिकेटचा. पण वाचकहो, तुमच्या कचेरीत, शाळेत, गाण्याच्या क्लासात, कदाचित तुमच्या घरातही तो कुठेतरी बसलेला असेल. धाकट्या मैदानावर ज्याने नाव काढले त्याचे थोरल्या मैदानाकडे काही येणे निघते का?

मी भाच्याला विचारले, "पद्माकर शिवलकर हे नाव ऐकलंस का रे?"

त्याने मान हलवली. ऐकले नव्हते. डाव्या हाताने फिरकी टाकणाऱ्या, महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाने शिवलकरांचे नाव ऐकलेले नसावे, यातच माझ्या बाजूचा अर्धा पुरावा होता.

शिवलकर १९४० साली जन्मले आणि मार्च २०२५ मध्ये गेले. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. शिवाजी पार्क जिमखान्याच्या मातीतले. प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले आणि एका बळीमागे सरासरी धावा दिल्या १९.६९. एका डावात पाच किंवा अधिक गडी बाद करण्याची करामत ४२ वेळा. १९६१-६२ मध्ये सुरुवात केली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९८७-८८ च्या हंगामात, मुंबईने पुन्हा हाक मारली तेव्हा पुन्हा पांढरे कपडे घालून ते मैदानावर आले. या सगळ्या काळात भारताकडून खेळलेले कसोटी सामने किती? एकही नाही.

"मुंबईचा संघच तगडा," दाजी म्हणाले. "त्या संघातून कोणीही विकेट घेतल्या असत्या."

मुंबईचा संघ तगडा होता हे खरेच. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिला नाही. पण त्या पंधराव्या वर्षाचा अंतिम सामना मी दाजींपुढे मांडला. तो झाला मद्रासला, चेपॉकच्या मैदानावर, म्हणजे समोरच्याच्या अंगणात. खेळपट्टी अशी की चेंडू भोवऱ्यासारखा फिरत होता. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोघे कसलेले फिरकी गोलंदाज. मुंबईचा नामांकित संघ पहिल्या डावात १५१ आणि दुसऱ्यात ११३ धावांत आटोपला. मग तमिळनाडूचे काय झाले? पहिला डाव ८०, दुसरा ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच गडी उडवले. दोन दिवस आणि वर एक चेंडू एवढ्यात सामना उरकला. त्या दिवशी तगड्या फलंदाजांनी शिवलकरांना सांभाळले नाही. शिवलकरांनी त्यांची अब्रू सांभाळली.

भाच्याने पोळीचा पहिला तुकडा मोडला. मला हुरूप आला.

"बरं," दाजी सुपारी बाजूला ठेवून म्हणाले, "मग बेदीला घरी बसवायचं होतं की काय?"

इथे मला प्रामाणिक राहणे भाग होते. बिशनसिंग बेदींना घरी बसवा असे तेव्हा कोणी म्हणाले असते तर मीही त्याला वेड्यात काढले असते. १९६६ ते १९७९ या काळात ६७ कसोटींत २६६ बळी घेणारा, जगाने वाखाणलेला तो गोलंदाज. त्यांच्याबरोबर प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. चौकडीच तशी. बेदींच्या आधी डावखुऱ्या फिरकीच्या गादीवर नाशिकचे बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी होते. बेदी गेल्यावर दिलीप दोशी आले, त्यांच्यामागून रवी शास्त्री. शिवलकर जन्मले त्या रांगेत जागाच नव्हती. एका वेशीतून एका वेळी एकच बैलगाडी जायची आणि ती बेदींची होती. यात निवड समितीचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही.

पण माझा प्रश्न वेगळा होता. शिवलकर बेदींपेक्षा मोठे होते का, हे मी विचारलेच नव्हते. तेरा वर्षांत एकदाही, एखाद्या हलक्या मालिकेत, एखाद्या फिरकीला साजेशा खेळपट्टीवर, बेदींच्या जोडीला दुसरा डावखुरा म्हणून, पाच दिवस त्यांना देता आले नसते का?

आणि एकदा तर वेस आपोआप मोकळी झाली होती. नोव्हेंबर १९७४. वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरची कसोटी. शिस्तभंगाच्या कारणावरून बेदींना त्या सामन्यापुरते बाहेर ठेवले होते. डावखुऱ्या फिरकीची जागा रिकामी. बोलावणे गेले ते हरयाणाच्या राजिंदर गोयलांना. हे गोयल म्हणजे शिवलकरांचेच उत्तरेतले भावंड. प्रथम दर्जाचे ७५० बळी, त्यांतले ६३७ रणजी स्पर्धेतले. रणजीत इतके बळी आजवर कोणालाच घेता आलेले नाहीत. तेव्हा बोलावणे चुकीच्या घरी गेले असे म्हणता येणार नाही. पण सामना सुरू झाला तेव्हा अकरांत गोयलांचे नाव नव्हते. पुढच्या कसोटीला बेदी परत आले. गोयलांना कसोटीची हाक पुन्हा आली नाही.

पुढे २०१७ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने शिवलकर आणि गोयल या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. सोहळा झाला तो बंगळूरलाच. सुनील गावसकरांनी तर त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, आपल्याला आदर्श वाटणाऱ्या खेळाडूंवर 'आयडॉल्स' नावाचे पुस्तक लिहिले त्यात या दोघांना जागा दिली. पुस्तकात जागा मिळाली, सोहळ्यात मिळाली, मैदानात तेवढी मिळाली नाही.

दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आपला हुकमाचा एक्का काढला. "ज्यांना संधी मिळाली त्यांचं काय झालं तेही सांगा की सर. तो आपला डोंबिवलीचा नीलेश कुलकर्णी?"

दाजींचा हा एक्का खरोखर जबर होता. नीलेश कुलकर्णी हाही मुंबईचा, हाही डावखुरा फिरकी गोलंदाज. रणजीत बळी घेतले म्हणून १९९७ साली कोलंबोला भारताकडून उभा राहिला. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने मार्वन अटापट्टूला बाद केले. असे करणारा तो पहिला भारतीय. घराघरांत उड्या मारल्या गेल्या असतील. पण त्यापुढे काय? त्या डावात त्याने ७० षटके टाकली, १९५ धावा दिल्या आणि दुसरा बळी काही मिळाला नाही. श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावांचा डोंगर रचला. कुलकर्णीची कारकीर्द तीन कसोटी आणि दोन बळी एवढ्यावर आटोपली.

"झालं ना?" दाजी म्हणाले. "खालचे आकडे वर चालत नाहीत."

"पण दाजी," मी म्हणालो, "आपल्याला हे कळलं कसं? तो खेळला म्हणून कळलं."

आता मी माझ्या धंद्यातल्या जागेवर आलो होतो. माझ्या वर्गातला एखादा विद्यार्थी वर्षभर चाचण्यांत उत्तम गुण मिळवतो. वार्षिक परीक्षेत तो पहिला येईल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घाबरेल, प्रश्न वाकडा येईल, ताप भरेल. कित्येकदा असे होतेच. पण म्हणून मी त्याला परीक्षेच्या मांडवात शिरू देत नाही असे म्हणू शकेन का? नापास होण्यातही एक मान आहे. कुलकर्णीला तो मिळाला. आज कोणी विचारले तर तो सांगू शकतो, मी बसलो होतो परीक्षेला. शिवलकरांना पास म्हणता येत नाही आणि नापासही म्हणता येत नाही. त्यांचा निकालच राखून ठेवला गेला आणि तो राखीव असतानाच ते गेले.

एवढे बोलल्यावर दाजींची बाजू पूर्ण खोटी ठरवावी असे मात्र मला वाटेना. आकडे नुसते मोजून भागत नाही, ते वाचावेही लागतात. ते बळी कोणाचे घेतले? पहिल्या पाच फलंदाजांचे की शेपटाचे? खेळपट्टी कशी होती? दुसऱ्या वर्षी, जेव्हा सगळ्यांना त्याचा चेंडू ओळखीचा झाला, तेव्हाही तो तितकाच चालला का? धरणात पाणी किती आले एवढ्यावर दाजी कधी कालवा सोडत नाहीत. मागच्या दहा वर्षांचे टिपण काढतात. गोलंदाजाचेही तसेच. एका हंगामाच्या विकेटा म्हणजे वळवाचा पाऊस. पाचसात हंगाम पडत राहिला तर त्याला मृग म्हणावे. शिवलकरांचा मृग पंचवीस वर्षे पडत होता.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथे चेंडू टाकणाऱ्याला फारच मान. त्या खेळात थोरल्या स्पर्धेचे तीस संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार धाकटे संघ, म्हणजे एकूण एकशेवीस. खालच्या पायरीवरचा गोलंदाज फलंदाजांना सारखा चकवू लागला की त्याला वरच्या पायरीवर चढवतात. वरच्या संघातल्या कोणाचा खांदा दुखावला की खालच्या गावी फोन वाजतो आणि पोराने लगेच पिशवी भरायची. २००८ साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्गच्या संघाने तिकडे नेऊन या जिन्याच्या तळाशी उभे केले होते. दोघेही माथ्यापर्यंत पोहोचले नाहीत. तिथेही बहुतेक जण पोहोचत नाहीतच. पण जिना डोळ्यांना दिसतो. आपण कितव्या पायरीवर आहोत आणि वर किती उरल्या आहेत, हे पोराला ठाऊक असते.

आपल्याकडेही पायऱ्या नाहीत असे नाही. शाळा, महाविद्यालय, जिल्हा, रणजी, दुलीप करंडक, भारत 'अ'. मुंबईच्या पोराला त्या घराच्या खिडकीतून दिसतात. धुळ्या-जळगावच्या पोराची पहिली पायरी गावात असते आणि दुसरी एकदम पुण्याला. महाराष्ट्राचा संघ तिथून निघतो. मधल्या अंतरात एस.टी.चे भाडे, बुडालेली तासिका आणि वडिलांचा चेहरा एवढे सगळे येते.

त्या पुण्यातलीच एक हकिगत मी भाच्याला सांगितली, कारण ती आपल्या महाराष्ट्र संघाची आहे. डिसेंबर १९४८ मध्ये काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आलेला. आणि काठेवाडने सामनाच सोडून दिला! समोर कोणी खेळायलाच उरले नाही. कोल्हापूरच्या या फलंदाजालाही अधिकृत कसोटी कधी मिळाली नाही. २०१२ साली ते गेले. विक्रमाच्या उंबऱ्यावर एकदा अडवले गेले आणि कसोटीच्या उंबऱ्यावर जन्मभर.

"मामा," भाचा पहिल्यांदाच बोलला, "मग विकेट घ्यायच्या कशाला?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी दाजींकडे पाहिले. एवढा वेळ आम्ही दोघे इतरांच्या विकेटा मोजत होतो.

मी त्याला मुंबईच्या प्रवीण तांबेची गोष्ट सांगितली. कार्यालयीन आणि क्लबच्या सामन्यांत वर्षानुवर्षे लेगस्पिन टाकणारा गृहस्थ. प्रथम दर्जाचा एकही सामना नावावर नसताना २०१३ साली एक्केचाळिसाव्या वर्षी राजस्थान रॉयल्सने त्याला आय.पी.एल.च्या मैदानावर उतरवले. पुढच्याच वर्षी कोलकात्याविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. रणजी पदार्पण त्याने केले ते आय.पी.एल.नंतर. म्हणजे हा माणूस जिन्याने न येता गच्चीवरून खाली उतरला!

"म्हणजे मी एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत थांबू?" भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्यापाशी नव्हते.

उत्तर आले स्वयंपाकघरातून. ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "तुमचं क्रिकेट मला कळत नाही," ती म्हणाली. "पण आपल्या बहिणाबाईंचं काय रे? त्यांना कोणी निवडलं होतं?"

वाचकहो, हे मला सुचायला हवे होते. मी शिकवतो मराठी, आमच्या विद्यापीठाला नाव बहिणाबाई चौधरींचे, आणि मी पिट्सबर्गपर्यंत जाऊन आलो! आसोद्याला जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई शेतात आणि जात्यावर ओव्या रचत राहिल्या. घरातल्या मुलांनी जे कागदावर उतरवले तेवढे उरले. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. मग मुलाने, म्हणजे कवी सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. थोरल्या मैदानाने त्यांना बोलावले तेव्हा बोलावणे घ्यायला त्या उरल्या नव्हत्या.

आणि याच जळगावात त्याच्या उलटही घडलेले आहे. १९०७ साली इथे कविसंमेलन भरले होते. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावात जन्मलेला, सतराएक वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. त्याचे वय किती, घराणे कोणते, आधी काही छापले आहे का, हे विचारत कोणी बसले असते तर ती संध्याकाळ संपून गेली असती. त्यांनी ऐकले आणि त्याला 'बालकवी' म्हटले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेला तेव्हा त्याचे अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या मंडळींनी 'पोरगा अजून कच्चा आहे, दहा वर्षांनी बघू' असे म्हटले असते, तर? दहा वर्षे त्याच्यापाशी जेमतेमच होती.

संधी देणाऱ्याला नेहमी वाटते की वेळ भरपूर आहे. वेळ त्याच्यापाशी असतेही. समोरच्यापाशी नसते.

इथपर्यंत मी दाजींशी तावातावाने बोललो. आता जे लिहितो आहे ते त्या दिवशी ओसरीवर बोललो नाही.

पंधरासोळा वर्षांपूर्वी मी नव्याने अध्यापक झालो होतो. कोणत्या महाविद्यालयात ते सांगत नाही. नव्या माणसाच्या गळ्यात जिमखाना समिती बांधण्याची पद्धत असते, तशी ती माझ्या गळ्यात बांधली गेली. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. शेवटची एक जागा उरली आणि डावखुरे फिरकी गोलंदाज दोन. एक आदल्या वर्षी संघात होता. चेंडू बेताचा, पण 'अनुभवी'. दुसरा गिरणेकाठच्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने यायचा. पायांत उसने बूट. आजूबाजूच्या गावांतल्या सामन्यांत त्याने विकेटांचा नुसता सडा घातला होता. समितीत मते समसमान झाली आणि माझे मत निर्णायक ठरले. मी काय म्हणालो असेन?

"लहान सामन्यांतल्या लहान विकेटा," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी बघू."

दाजींचे वाक्य! ते मी दाजींच्या आधी पंधरा वर्षे बोलून बसलो होतो. यादी लागली. तो मुलगा फलकासमोर थोडा वेळ उभा राहिला. मला पाहून "बरं सर" एवढेच म्हणाला आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे सरावाला येऊन निवडलेल्या फलंदाजांना चेंडू टाकत राहिला. पुढच्या वर्षी तो महाविद्यालयात नव्हता. पुढचे वर्ष माझ्यापाशी होते, त्याच्यापाशी नव्हते.

तो मला परत भेटला तो २०२५ च्या त्याच भाऊबीजेला, सकाळी, धुळ्याच्या गाडीत. त्या दिवशी एस.टी.ला जी गर्दी असते ती काय सांगावी! दारात पाय ठेवायला जागा नाही. फराळाचे डबे, लेकुरवाळ्या बाया, भाऊराया मंडळी. मी दांडीला लोंबकळत होतो. पाळधी मागे पडली. तिकिटे फाडणाऱ्या यंत्राचा कर्र कर्र आवाज जवळ आला आणि कंडक्टरने माझ्याकडे निरखून पाहिले.

"सर? मला ओळखलं नाही तुम्ही."

आवाज ऐकला आणि ओळखले. डाव्या हाताने तो तिकीट पुढे करत होता.

"सर, या इकडे," असे म्हणून तो गर्दीतून मला वाट काढत पुढे घेऊन गेला आणि दाराजवळची आपली जागा त्याने मला दिली. "बसा. मला उभं राहायची सवय आहे."

त्याने ते सहज म्हटले. टोमणा त्यात तिळभरही नव्हता, याची मला खात्री आहे. असता तर मला बरे वाटले असते. एका जागेसाठी मी ज्याला अडवले होते त्याने स्वतःची जागा मला दिली आणि पारोळ्यापर्यंत मी तिच्यावर चोरासारखा अंग चोरून बसलो.

"अजून टाकतोस का रे?" मी धीर करून विचारले.

"रविवारी असतात सामने आमच्या लोकांचे," तो हसून म्हणाला. "चेंडू वळतो अजून. गुडघा तेवढा वळत नाही."

उतरताना मी त्याला म्हणालो, "त्या वर्षी मी चुकलो."

तो क्षणभर गोंधळला. मला वाटले, विसरला असेल. मग तो म्हणाला, "सर, एक सामना खेळवला असता ना, तर बरं झालं असतं. मला जमलं नसतं तर मीच सोडून दिलं असतं. आता वाटत राहतं." आणि त्याने घंटा वाजवली.

"आता वाटत राहतं." दाजींशी मी दोन तास वाद घातला, पण या तीन शब्दांपलीकडे मला काही सांगता आले नाही. संधी न मिळालेल्या माणसाचे नुकसान विजयाचे नसते. विजय त्याला मिळाला असता की नाही, देव जाणे. त्याला संशय मिळतो आणि तो जन्मभर पुरतो.

भाऊबीजेनंतर दहाच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. रात्री उशिरा धुळ्याहून फोन आला. भाचा होता. "मामा, ते प्रशिक्षक अमोल मुजुमदार कोण आहेत माहीत आहे का?" आता तो मला शिकवत होता! मला माहीत होते. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला तो हा मुलगा. पुढे पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा, प्रथम दर्जाच्या एकूण अकरा हजारांवर, शतके तीस, आणि भारताकडून सामना एकही नाही.

त्याच अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेऊन शफाली वर्मा सामनावीर झाली. स्पर्धेसाठी निवडलेल्या पंधरांत तिचे नावच नव्हते. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून तिला ऐनवेळी बोलावले होते. ज्याला स्वतःला ते बोलावणे कधी आले नाही, त्याच्या संघात ते एका मुलीला आले आणि तिने सामना जिंकून दिला.

"तुझ्या वडिलांना दे," मी म्हणालो.

दाजी फोनवर आले. "काय सांगू राहिले सर तुम्ही?" अशी त्यांची नेहमीची सलामी झाली. मग थोडे थांबून म्हणाले, "पोराला पुढच्या चाचणीला पुण्याला पाठवतो आहे. जमलं तर जमलं. नाही जमलं तरी त्याला कळेल तरी."

मी पुन्हा जिमखाना समितीवर जाण्यासाठी स्वतःहून अर्ज दिला. लोक तिथून सुटायला अर्ज देतात, त्यामुळे प्राचार्यांना तो दोनदा वाचावा लागला. तिथे मी एकच नियम सुचवला. गावात, गल्लीत, कुठेही, ज्याने सलग दोन हंगाम विकेट घेतल्या असतील त्याला एक सामना खेळवायचा. नियमाला विरोध झाला. "लहान सामन्यांतल्या लहान विकेटा," असे एका तरुण अध्यापकाने म्हटले.

मी त्याला म्हटले, "कधी धुळ्याच्या गाडीने या माझ्याबरोबर."